उद्घाटनाविना वर्षभर बसलेलं मशीन: भोर ते वेल्हे, दोन दिवस

वेल्ह्याच्या बाजूचं भाडं मी चार म्हयनं घेत नव्हतो. शिरवळ घेत व्हतो, वाई घेत व्हतो, पार महाबळेश्वराच्या लॉजात गाद्या टाकून आलो. पन नसरापुरातनं गाडी आत घालायची म्हनलं की मी टायर पंक्चर सांगायचो. भोरच्या टेम्पो स्टँडावर पोरं म्हनायची, "अज्ज्याचं टायर फकस्त वेल्ह्याच्या दिशेनंच पंक्चर होतं." हसू दे म्हनलं.

तुमी तोरना-राजगडाचा बेत करनारं लोक हाय, म्हनून ही पोस्ट वाचताय. रस्ता, खानं, ऱ्हानं, सगळं सांगतो. गड मात्र सांगत न्हाई, ते सांगनारे पुष्कळ हायेत. मी सांगतो ते गडाच्या वाटंवर तुमच्या उजव्या-डाव्या हाताला असतं आन् तुमी गाडीच्या काचंतनं बघत पन न्हाई.

मी अझर. भोरात पिकअप चालवतो. जुन्या वाचनाऱ्यांना माझ्या खोड्या ठाव्या हायेत, आन् त्यातल्या निम्म्या खोड्यांत माझ्यासंगं कोन असायचं ते पन ठावं हाय. निवृत्ती. आमचा निवऱ्या. वेल्ह्याच्या अलीकडच्या एका वाडीतला. यंदाच्या आषाढात, भाताची लावनी चालू असताना, पहाटं त्याचा मला फोन आला. जीभ जड, बोलनं बोबडं. "अज्ज्या, डोळं उघडंना. गाडी घेऊन ये." आता ह्याच निवऱ्यानं आठ दिवस आधी "म्हस अडलीय, गाडी आन" म्हनून मला भोरातनं वाडीपत्तूर पळवलं व्हतं, आन् गोठ्यात म्हस निवांत रवंथ करत बसलेली. मी हासलो आन् फोन कापला. परत आला, परत कापला. अर्ध्या तासानं त्याच्या आयचा आला, तवा मी उठलो. तवर शेजाऱ्याच्या जीपनं त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेला व्हता. मण्यार चावलेली, झोपेत, भुईवर. तितं लस दिली आन् सांगितलं, श्वासाचं मशीन हितं न्हाई, पुन्याला पळवा. जीप मला नसरापुरात घावली. निवऱ्या वाटंतच गेला व्हता.

म्हनून ते टायर पंक्चर.

आता पुन्यातल्या डॉक्टरांकडं वळतो. आयसीयूत काम करनाऱ्या डॉक्टर-नर्स लोकांची एक संघटना हाय. आयसीयू म्हंजे ती काचंच्या दाराआडची खोली, जितं नातेवाईकाला चप्पल काढून एकेकट्याला सोडत्यात. ही मंडळी वर्षातनं एकदा रजा टाकून बाहेर पडत्यात. तालुक्याच्या दवाखान्यांना श्वासाची मशिनी देत्यात, आदल्या साली दिलेली चालत्यात का बघत्यात, आन् गावातल्या मानसांना शिकवत्यात की मानूस कोसळला तर आयसीयूत पोचेपत्तूर त्याला जिता कसा ठेवायचा. त्यांच्या मीनल मॅडमचा मला फोन आला. सामान न्यायला गाडी पायजे, दोन दिवस, भोर आन् वेल्हे.

मी पंक्चरचं तोंडात आनलंच व्हतं, तवर त्या म्हनल्या, "वेल्ह्याच्या रस्त्यावर आम्ही मागच्या वर्षी एक व्हेंटिलेटर दिलाय, तो पण बघायचाय."

"व्हेंटिलेटर म्हंजे श्वासाचं मशीन?"

"हो."

"कवा दिलं म्हनला?"

"मागच्या दिवाळीच्या आधी. का हो?"

मागची दिवाळी आधी आली आन् आषाढ नंतर. एवढा हिशोब मला दहावीत पस्तीस मार्क पडलेल्यालापन येतो. म्हनलं, "मॅडम, गाडी येती."

पहिला दिवस

सकाळी सातला भोरातनं निघालो. निघायच्या आधी एसटी स्टँडाजवळ मिसळ खा, साठ रुपयं, पाव जादा मागितला तर तोंड वाकडं करत न्हाईत. संगं मीनल मॅडम आन् प्रशांत म्हनून एक मेल नर्स व्हते, त्यांना सगळे ब्रदर म्हनत्यात. मागं मशिनींची खोकी. आन् एक रबरी बाहुला, कमरेपत्तूरचा, तोंड उघडं, डोळं मिटलेलं. त्याच्यावर छाती दाबायचं शिकवत्यात. मॅडम सोताच्या गाडीनं पुढं गेल्या. ब्रदर माझ्या शेजारी बसनार व्हते, ते बी गेले. म्हनून म्या बाहुल्याला शेजारच्या सीटवर बसवला, पट्टा लावला, डोक्यावर माझी टोपी घातली, कमरंखाली चादर. त्याचं नाव ठेवलं पाव्हनं.

पहिला मुक्काम भाटघर. धरनाच्या भिंतीजवळनं जाताना गाडी जरा थांबवा, पानी बघा, फोटू काढा, पुढं चला. तितं शाळंच्या हॉलात चाळीसेक मानसं. ब्रदरनं बाहुला भुईवर निजवला आन् छाती दाबून दावली. मग एका आजोबांना बसवलं. आजोबा चोळाया लागले.

"बाबा, चोळायचं नाही, दाबायचं. दोन इंच खाली गेली पाहिजे."

"बरगडी मोडंल की."

"मोडू दे. बरगडी जुळते, मेलेला माणूस जुळत नाही."

मागनं एक म्हातारी बोलली, "त्यांना न्हाई जमायचं. त्यांनी आयुष्यात मला पानी दिलं न्हाई, बाहुल्याला काय श्वास देत्यात." सगळा हॉल हसला. आजोबांनी मग असा काय दाबला, बाहुल्याच्या पोटातली स्प्रिंग वाजली.

मग ब्रदरनं एक पिशवी काढली. रबराची, नारळायेवढी, पुढं तोंडावर बसवायचा मुखवटा. तिला अंबू पिशवी म्हनत्यात. ज्याचा श्वास बंद पडलाय त्याच्या तोंडावर धरायची आन् हातानं दाबायची, हवा आत जाती. वीज नको, काय नको. मी मागच्या बाकावर बसलो व्हतो, उठून पुढं आलो.

दुपारी कापूरहोळला जेवलो. हायवेवर हॉटेलं रग्गड हायेत, ज्याच्या दारात ट्रकवाले थांबलेत तितंच जा. शाकाहारी थाळी दीडशे. पाव्हनं गाडीतच व्हतं. हॉटेलवाला पान्याचा ग्लास घेऊन बाहेर आला आन् काचंवर टकटक करत बसला.

"अवो, दादा. दादा. जेवायला न्हाई का येत?"

मी हॉटेलाच्या दारातनं म्हनलं, "त्यांचा उपास हाय."

"मग च्या तरी."

"द्या खिडकीतनं."

तो च्याचा ग्लास आनून अर्ध्या उघड्या खिडकीतनं हात घालून उभा ऱ्हायला, आन् मग त्यानं तोंड नीट बघितलं. ग्लास सोडला न्हाई, एवढं मात्र कौतिक. माझ्या पाठीत एक घातली आन् म्हनला, "निवृत्ती कुठाय? तुमी दोघं असल्याबिगर असली भानगड होत न्हाई." मी म्हनलं, वाडीला हाय. खोटं बोललो. मग जेवन गेलं न्हाई.

कामथडीतला कार्यक्रम दुपारचा, तो सांगत बसत न्हाई. हायवेच्या कडंचं गाव, रस्ता वलांडताना दोन्ही बाजूला बघा, एवढंच. मग चेलाडी फाट्यावर च्या घेताना म्या मॅडमना विचारलं, मानसाचं नाव न सांगता, की मण्यार चावल्यावर काय होतं.

त्यांनी च्याचा कप खाली ठेवला. "मण्यारीचं विष नसांवर जातं. माणूस शुद्धीत असतो, काळीज चालू असतं. पण पापण्या झुकतात, जीभ जड होते, आणि मग छाती हलवणारे स्नायू झोपी जातात. तेवढा वेळ त्याच्या वतीनं कोणीतरी श्वास घ्यायचा. मशीननं, नाहीतर पिशवीनं. लस मिळाली आणि श्वास मिळाला, तर विष उतरतं. असे पेशंट आमच्याकडून चालत घरी जातात."

"चालत?"

"चालत."

"आन् समजा गाडीलाच अर्धा तास उशीर झाला तर?"

"तर अर्धा तास गेला. श्वास द्यायला कोणी असेल तर तो भरून निघू शकतो. कोणी नसेल तर पाच मिनिटांत पण खेळ संपतो." मग माझ्याकडं बघून म्हनल्या, "कोण होतं?"

मी म्हनलं, "च्या गार व्हतोय मॅडम."

नसरापुरात लॉज साधं हाय, चादरी सोताच्या आना. बनेश्वराचं देऊळ जवळ हाय, झाडी चांगली, माकडं चोर.

दुसरा दिवस

नसरापूर ते वेल्हे रस्ता आता बरा हाय. आंबवने, मार्गासनी, विंझर. वळनं हायेत, हॉर्न वाजवा. तालुक्याचं नाव कागदावर आता राजगड झालंय, एसटीवाले अजून वेल्हंच म्हनत्यात. ह्या दिवसांत भात पिवळं झालेलं असतं, दोन्ही अंगाला कापनी चालू, आंबेमोहराचा वास गाडीत येतो. तुमाला आवडंल. मला त्या दिवशी त्यातलं काय बी आवडलं न्हाई.

ज्या दवाखान्यात गेलो त्याचं नाव लिहीत न्हाई. गावाचं बी न्हाई. मी त्याला फीतगाव म्हनतो, का ते कळंलच.

भांडाराची चावी ज्यांच्याकडं असती ते भाऊसाहेब दारातच उभे. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. मॅडमना गुलाबाचं फूल, आमाला च्या-बिस्कीट. ब्रदरनं फाईल काढली. संघटना दर सहा म्हयन्यांनी पत्र पाठवती, मशीनची स्थिती कळवा. दोन्ही पत्रांवर भाऊसाहेबांच्या अक्षरात एकच उत्तर: "यंत्र सुस्थितीत आहे."

"सुस्थितीतच हाय मॅडम," भाऊसाहेब म्हनले. "या, दावतो."

भांडाराचं कुलूप काढलं. आत टेबलावर मशीन. प्लास्टिकच्या पिशवीतच, कंपनीनं दिली तशी. पिशवीवर कुंकवाचं स्वस्तिक. दसऱ्याला हत्यारांसंगं ह्याची पन पूजा झालेली, झेंडूचा हार सुकून गळ्यात. आन् ह्या टोकापासनं त्या टोकाला लाल सॅटिनची फीत, वर फुलाची गाठ. शेजारी स्टीलच्या ताटलीत नवी कात्री, तिच्यावर हातरुमाल झाकलेला.

"धुळीचा कन लागू दिला न्हाई," भाऊसाहेब म्हनले. "दर शुक्रवारी मी सोता फडकं मारतो."

मॅडम लई हळू बोलल्या. "भाऊसाहेब, हे वापरलं कधी?"

"वापरनार कसं? उद्घाटन कुठं झालंय?"

मग त्यांनी सांगितलं. उद्घाटनाच्या मोठ्या पाव्हन्यांनी तीन वेळा तारीख दिली. एकदा मांडव पन घातला व्हता. पाव्हन्यांच्या नावाची फरशी कोरून तयार हाय, ती त्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून. आदी वापरलं आन् मंग उद्घाटन केलं तर पाव्हन्यांचा अपमान. कुनाला उष्टं ताट वाढतो का आपन?

खरं सांगतो, हे बोलताना त्या मानसाच्या तोंडावर पाप नव्हतं. तेच मला जास्त झोंबलं. त्यानं मशीन सांभाळलं व्हतं, जसं आपल्याकडं नवा शालू पेटीत सांभाळत्यात आन् म्हातारी गेल्यावर तिच्या अंगावर टाकत्यात.

मी म्हनलं, "आषाढात एक पोरगा आला व्हता हितं. मण्यारीचा. पहाटं."

"आला व्हता. वाडीचा."

"तवा डॉक्टरनं इचारलं असंल."

"नव्या व्हत्या डॉक्टरीन बाई, आठच दिवस झालेले. त्यांनी इचारलं, श्वासाचं मशीन हाय का." भाऊसाहेबांनी हातरुमालाची घडी नीट केली. "म्या सांगितलं, वापरायचं मशीन न्हाई."

"खोटं बोलला तुमी."

"खोटं कसं? वापरायचं न्हवतंच ते."

मी दोन पावलं पुढं गेलो, ब्रदरनं माझा दंड धरला. दंड सोडवून मी बाहेर गेलो. गाडीतनं पाव्हन्याला उचलला, आत आनला, भाऊसाहेबांच्या खुर्चीत बसवला आन् झेंडूचा सुकलेला हार काढून त्याच्या गळ्यात घातला.

"घ्या. पाव्हनं आलं. करा उद्घाटन."

"चेष्टा नका करू, सरकारी जागा हाय ही."

"चेष्टा मी दहा वर्सं करतोय भाऊसाहेब. तुमच्या चेष्टंनं मानूस मेला. तुमीच उस्ताद."

मॅडम फोनवर व्हत्या. वरच्या हापिसात इचारलं, तर उत्तर आलं, तुमच्या पातळीवर बघा. त्याच्या वरच्याला इचारलं, साहेब मीटिंगमधी. दुपारी तीनला मंडळी पुन्याला परत निघनार व्हती. ती गेली की फीत तशीच ऱ्हानार, परत एक वरीस, परत एक पत्र, सुस्थितीत. माझं डोकं फुटायला आलं.

आन् मी मॅडमवर पन चिडलो. "तुमी तरी काय केलं? दिलं, फोटू काढला, गेला. पत्रात इचारलं कसं हाय. अवो, कसं हाय काय इचारता, ते काय जावई हाय का? कुनाला लावलं ते इचारायचं."

ब्रदर म्हनला, "अझर, हळू."

"नाही, बरोबर बोलतोय तो," मॅडम म्हनल्या. फाईलवरचा तो छापील फॉर्म त्यांनी घेतला, "स्थिती" हा शब्द खोडला आन् पेननं वर लिहिलं: शेवटी कोणत्या पेशंटला लावलं, आणि कधी. मग पेन तसंच हातात धरून उभ्या ऱ्हायल्या. "हा प्रश्न मागच्या वर्षीच हवा होता."

मला एक सुचलं. घड्याळात बारा वाजलेले. गाडी काढली आन् वाडीला गेलो. चार म्हयन्यांत पहिल्यांदा.

निवऱ्याची आय, हौसामावशी, वावरात भात कापत व्हती. मला बांधावर बघून उठली न्हाई. मूठभर भात कापलं, मागं टाकलं, मग बोलली.

"घावली व्हय रं वाट?"

मी बांधावरच बसलो. वाटंत काय काय बोलायचं ठरवलं व्हतं, ते सगळं गेलं. तोंडातनं एवढंच आलं, "मावशी, त्यानं मला आदी फोन केला व्हता. मी कापला. दोनदा."

"ठावं हाय."

"कुनी सांगितलं?"

"त्यानंच. जीपमधी. जीभ वळत नव्हती त्याची, तरी म्हनला, अज्ज्याला वाटलं मी गंमत करतोय. आन् हसला." तिनं इळ्याची धार अंगठ्यानं बघितली. "डोळं मिटलेलं, आन् हसत व्हता मेला. मी तुझी वाट बघत व्हते, तू येऊन सांगशील म्हनून. तू आपला भोरात दडून बसला."

मग म्या मशीनचं सांगितलं. फीत, कात्री, फरशी, सगळं. म्हनलं, मावशी, तू चल, तुझ्या हातनं फीत कापू. मला वाटत व्हतं लई मोठं काम सांगतोय.

ती उठली. पदराला हात पुसलं, इळा घेतला. "चल. दाव मला."

दवाखान्यात ती थेट भांडारात गेली. डोक्यात भाताचा पेंढा अडकलेला. मशीनच्या भवती एक चक्कर मारली, फरशीसुदीक उलटी करून बघितली. मग भाऊसाहेबांकडं वळली.

"हे तवा हितंच व्हतं?"

भाऊसाहेब म्हनले, "मावशी, नियम असा हाय की..."

"मी नियम इचारला न्हाई. पोराला त्या बाकावर निजवला व्हता. तो बाक आन् ही खोली, मधी भिंतच हाय ना?"

"भिंतच हाय."

"एकच?"

"एकच."

बाहेर केसपेपरच्या रांगंतली मानसं दारात येऊन उभी ऱ्हायली व्हती. म्या ताटली उचलून तिच्यापुढं धरली. "मावशी, काप."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी ताटली खाली घेतली. "मी कशाला कापू? मी काय पाव्हनी हाय? माझा फोटू काढनार आन् माझ्या नावाची फरशी लावनार व्हय तुमी?" आन् इळा भाऊसाहेबांच्या हातात दिला. "ज्यानं जपली त्यानं कापावी."

भाऊसाहेबांनी इळा घेतला. सॅटिन इळ्याला दाद देईना, नुसतं घसरत व्हतं. भाताची सवय त्या इळ्याला. त्यांनी तीन-चारदा केलं, मग फीत मुठीत धरून वडली आन् दातानं तोडली. प्लास्टिक काढताना त्यांच्या डोळ्यांतनं पानी यायला लागलं. मला कीव आली न्हाई. खोटं कशाला लिहू.

ब्रदरनं मशीनची वायर भिंतीत घातली. हिरवा दिवा लागला, पडद्यावरची रेघ हलली, फुस्स करून श्वास आला. वर्षभराचा पहिला. त्याच प्लास्टिकात, मशीनच्या बुडाला, अंबू पिशवी पन व्हती. तिला तर वीज पन लागत न्हाई, फीत पन नव्हती. ती जीपमधी बरूबर दिली असती, तरी...

मावशीनं ती पिशवी उचलली. "ही काय?"

मॅडमनी सांगितलं. मावशी खाली बसली. म्या पाव्हन्याला खुर्चीतनं उतरवून तिच्यापुढं निजवला, टोपी काढली. मॅडमनी तिला मुखवटा धरायला शिकवलं, हनुवटी वर कशी वडायची ते. "आता दाबा, आणि मोजा."

"मोजायचं मला न्हाई येत."

"मग असं करा. तुम्ही शांतपणे श्वास घ्या. तुम्ही घेतला की त्याला द्यायचा."

"माझ्याबरूबर?"

"तुमच्याबरोबर."

तिनं श्वास घेतला, पिशवी दाबली. बाहुल्याची छाती वर आली. सोडला, खाली गेली. परत. परत. मी मोजलं न्हाई, पन लई येळ चाललं. मॅडम म्हनल्या, बास मावशी, जमलं. ती थांबली न्हाई. "पुन्याला जायला किती येळ लागतो," म्हनली, "तेवढा येळ करून बघते."

रांगंतली दोन मानसं पुढं आली आन् खाली बसली. मग आनखी चार. मंडळी तीनला निघनार व्हती, ती सहाला निघाली. सगळ्यांत शेवटी भाऊसाहेब बसले. मावशीनं त्यांना मुखवटा धरायला शिकवलं आन् दोनदा हातावर चापटी मारली.

घरी

परतीला मार्गासनीजवळ पिठलं-भाकरी खाल्ली. हिरव्या मिरचीचा ठेचा झनझनीत, ताक मागून घ्या. भोरात पोचलो तर अब्बा म्हनले, गाडीत काय हाय लाल लाल? फीत व्हती. डॅशबोर्डवर टाकलेली. मला वाटलं व्हतं जाळून टाकीन. न्हाई जाळली. आता ताडपत्री बांधायला वापरतो, चांगली मजबूत हाय.

राग गेला का? न्हाई. त्यातला किती माझा मलाच व्हता आन् किती त्या कुलपाचा, ते वेगळं करता आलं, एवढंच. अर्धा तास माझा. तो माझाच ऱ्हानार. भिंत त्यांची.

तुमी गडाला जाल, तवा एक काम करा. वाटंत जो दवाखाना लागंल तितं पाच मिनिटं थांबा, पानी मागा आन् इचारा, श्वासाचं मशीन हाय का, आन् शेवटी कुनाला लावलं. त्यांना राग येईल. येऊ दे. भाऊसाहेबांनी आता मशीन भांडारातनं काढून त्या बाकाशेजारी ठेवलंय, असं कळलं. फरशी अजून भिंतीकडं तोंड करून हाय.

ही पोस्ट लिहायला बसलो त्याच्या आदल्या पहाटं फोन वाजला. वेल्ह्याचा नंबर. पहिल्या रिंगला उचलला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात गाडीची चावी, पायात चप्पल.

"मावशी, निघालो. काय झालं?"

पलीकडनं तिचा श्वास ऐकू आला, सावकाश, एकसारखा.

"काय न्हाई रं," ती म्हनली. "उचलतो का ते बघत व्हते." आन् हसली, अगदी निवऱ्यावानी. "आता उठलाच हायस तर ये. भात निघालंय, दोन पोती घेऊन जा."

मी शिव्या दिल्या आन् गेलो.